खर्चाची वही तुमच्या हातात आली आहे: विधानसभेच्या उमेदवाराचा हिशेब पहिल्यांदा सांभाळणाऱ्यासाठी

उमेदवारी जाहीर झाली की त्याच रात्री कामांची वाटणी होते. कोणी प्रचारप्रमुख, कोणाकडे बूथ, कोणाकडे सोशल मीडिया. सगळी मानाची कामं वाटून झाली की एक काम उरतं, आणि कोपऱ्यात बसलेल्या बी.कॉम. झालेल्या पोराकडे बघून कोणीतरी म्हणतं, ‘हिशेबाचं तू बघ रे.’

मी असाच सापडलो होतो. पहिले पाच दिवस मी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकत राहिलो, निवडणूक झाली की निवांत बसून लिहू म्हणून. सहाव्या दिवशी तपासणीचं बोलावणं आलं आणि त्या रात्री तीन वाजेपर्यंत आम्ही चौघं ती पिशवी सतरंजीवर उपडी करून बसलो होतो. ‘अक्षय’ एवढंच लिहिलेली ४,५०० रुपयांची एक चिठ्ठी अजून मला छळते. कसला अक्षय, कशाचे पैसे, कोणालाच आठवेना.

तुमच्यावर ती रात्र येऊ नये म्हणून हे लिहितोय. यातलं सगळं विधानसभा निवडणुकीचं आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, तेव्हा तिथे हेच आकडे लावू नका.

आधी कायदा, थोडक्यात

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधली तीन-चार कलमं पाठच करून टाका. कलम ७७ प्रमाणे अर्ज भरल्याच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या अथवा करायला सांगितलेल्या प्रत्येक खर्चाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. कलम ७८ प्रमाणे निकालापासून ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, द्यावा लागतो. दिला नाही, किंवा ठरलेल्या पद्धतीने दिला नाही आणि त्याला सबळ कारणही नाही, तर कलम १०अ खाली निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे, लोकसभेची ९५ लाख. मर्यादा ओलांडली तर कलम १२३(६) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत कोणीही मतदार किंवा उमेदवार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो.

इथे नव्या माणसाचा हमखास एक गैरसमज असतो: ‘आपण पडलो, आता हिशेब कशाला?’ हिशेब सगळ्यांना द्यावा लागतो. पडलेल्याला, अनामत गेलेल्याला, अर्ज मागे न घेता नुसता घरी बसून राहिलेल्या अपक्षालाही. अपात्र ठरलेल्यांच्या याद्या पाहिल्या तर त्यात अशीच मंडळी भरपूर दिसतात. चार हजार रुपये खर्च केलेले, पण कागद न दिलेले.

मर्यादेबद्दल लोक हसतात हे मला माहीत आहे. २०१३ साली गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात २००९ च्या लोकसभेला आठ कोटी खर्च झाल्याचं सांगितलं. त्या वेळी मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, वर्तमानपत्रांनी महिनाभर चघळलं. तुम्ही हिशेब सांभाळणारे आहात. खर्च किती करायचा हे बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं, पण वहीत काय लिहायचं हे असतं. आणि ज्या कागदावर उमेदवार शपथेवर सही करणार आहे तो कागद तुम्ही तयार करताय.

अर्ज भरण्याच्या आधी

सगळ्यात पहिलं काम बँकेत. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खातं हवं, आणि ते अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. खातं एकट्या उमेदवाराच्या नावावर किंवा उमेदवार आणि निवडणूक प्रतिनिधी यांचं संयुक्त चालतं. बायकोबरोबरचं जुनं संयुक्त खातं चालत नाही, जोपर्यंत बायकोच निवडणूक प्रतिनिधी नाही. राज्यात कुठेही, सहकारी बँकेत किंवा टपाल कार्यालयातही उघडता येतं. खाते क्रमांक अर्ज भरतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी द्यायचा. चेकबुक लगेच मिळेल अशीच शाखा निवडा. आमचं चेकबुक टपालाने आलं, तेव्हा प्रचाराचे आठ दिवस संपले होते आणि मंडपवाला रोज सकाळी दारात उभा राहत होता.

दुसरं, तुमचा स्वतःचा दर्जा कागदावर आणा. खर्चाच्या कामासाठी निवडणूक प्रतिनिधीखेरीज एक अतिरिक्त प्रतिनिधी नेमायला आयोगाची परवानगी आहे. ते नियुक्तिपत्र नसेल तर तपासणीच्या टेबलासमोर तुम्हाला कोणी विचारत नाही, आणि उमेदवाराला प्रचार सोडून तिथे येऊन बसावं लागतं. भाऊ, म्हणजे आपले उमेदवार, एकदा आले तर दुसऱ्यांदा येणार नाहीत, ही खूणगाठ बांधून ठेवा.

तिसरं, नमुना २६ चं शपथपत्र. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, समाजमाध्यमांवरची खाती हे सगळं त्यात येतं. ते वकील बघतील, पण एक गोष्ट तुमच्याशी संबंधित आहे. उमेदवारावर गुन्हे दाखल असतील तर ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात: माघारीच्या मुदतीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवसात आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. या जाहिरातींचा खर्चही उमेदवाराच्याच खात्यात पडतो. पहिल्याच दिवशी तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा.

आणि हो, अर्ज भरायला जातानाची मिरवणूक, ढोल-ताशा, फेटे, गुलाल हे सगळं त्याच दिवसाच्या हिशेबात येतं. अर्जाच्या आधी छापून ठेवलेली पण अर्जानंतर वापरलेली पत्रकं, टोप्या, उपरणी हेही येतं. ‘ते तर गेल्या महिन्यातच आणलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

तीन रंगांची वही

अर्ज भरल्यावर निवडणूक कार्यालयाकडून एक नोंदवही मिळते. तिचे तीन भाग असतात. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी पानं रोख रकमेची, पिवळी पानं बँकेची. कोणतीही एक नोंद शेवटी दोन ठिकाणी जुळली पाहिजे: पांढऱ्या पानावर खर्च दिसला तर त्याचे पैसे गुलाबी किंवा पिवळ्या पानावरून गेलेले दिसले पाहिजेत. जुळत नसेल तर एक तर पैसे दुसऱ्या कोणी दिलेत, किंवा अजून द्यायचे आहेत. तसं असेल तर तसं लिहा.

समजा एका संध्याकाळी वाडीत कोपरा सभा झाली. पांढऱ्या पानावर मी ती अशी उतरवेन. मंडप, व्यासपीठ आणि १५० खुर्च्या, ६,४०० रुपये, मंडपवाल्याचं नाव-पत्ता, बिल क्रमांक १४. दोन भोंगे आणि माईक, ३,००० रुपये, बिल क्रमांक १५. चहा १०० कप, ९०० रुपये, बिल क्रमांक १६. हार आणि शाल, १,२०० रुपये, बिल क्रमांक १७. एकूण ११,५००. पुढे तीन रकाने असतात: किती उमेदवाराने केला, किती पक्षाने, किती इतर कोणी. शाल गावातल्या मंडळाने आणली असेल तर १,२०० रुपये तिसऱ्या रकान्यात जातील, पण एकूण बेरजेतून ते सुटणार नाहीत. नग, दर आणि रक्कम या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसतं ‘सभा खर्च ११,५००’ लिहिलंत तर तपासणारा पेन खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसतो.

टपाल किंवा रेल्वेचा प्रवास अशा जिथे पावती मिळणंच शक्य नाही त्या गोष्टी सोडल्या, तर प्रत्येक खर्चाला पावती लागते. मागून जमवलेल्या पावत्या ओळखू येतात, कारण सगळ्या एकाच पेनने लिहिलेल्या असतात.

आता रोखीची सगळ्यात फसवी अट. संपूर्ण निवडणुकीच्या काळात एका व्यक्तीला किंवा एका दुकानाला रोखीने १०,००० रुपयांपेक्षा जास्त देता येत नाहीत. त्यावरचं सगळं चेकने किंवा खात्यातून. लोक ही मर्यादा एका व्यवहाराची समजतात, पण ती त्या माणसाला मिळालेल्या एकूण रोखीची आहे. कार्यालयाखालच्या चहावाल्याला तुम्ही रोज ९०० रुपये रोख देताय. अकराव्या दिवशी ९,९०० झाले, सगळं ठीक. बाराव्या दिवशी त्याच चहाने तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. म्हणून गुलाबी पानाबरोबर मी एक साधी यादी ठेवतो, दुकानदारागणिक आतापर्यंतची रोख. आठ हजार झाले की त्याच्याकडून खाते क्रमांक मागून घ्यायचा. रोखसुद्धा निवडणूक खात्यातूनच काढायची, भाऊंच्या खिशातून नाही. आणि गुलाबी पानावर शिल्लक रोख कुठे किंवा कोणाकडे आहे यासाठी रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

कोणता खर्च आपला, कोणता पक्षाचा

भांडणं होतात ती याच मुद्द्यावर, आणि याला इतिहासही आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीतल्या दिल्ली सदर मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला आणि पक्षाचा, मित्रांचा खर्च बाहेर काढला. पुढची जवळजवळ तीस वर्षं मर्यादा नावापुरती उरली. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बरीच अरुंद झाली. आता मोठी सवलत उरली आहे ती मुख्यतः स्टार प्रचारकांच्या प्रवासाची.

मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारकांची यादी देता येते, नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाला २०. अधिसूचना निघाल्यापासून सात दिवसांत ती यादी आयोगाकडे गेलेली पाहिजे. यादीतल्या नेत्याचा हेलिकॉप्टरचा खर्च पक्षाचा. पण तुमचा उमेदवार त्याच हेलिकॉप्टरमध्ये बसला की प्रवासखर्चाचा निम्मा भाग उमेदवाराच्या नावावर. तालुक्यापर्यंत दहा मिनिटांची हवाई फेरी आणि फेसबुकवर फोटो, एवढ्यासाठी वहीत मोठा खड्डा पडतो. मी तर भाऊंना गाडीनेच पुढे पाठवतो.

सभेचं वेगळं आहे. नेत्याच्या सभेत तुमचा उमेदवार व्यासपीठावर असेल, किंवा त्याचं नाव वा फोटो असलेला फलक तिथे असेल, तर मैदान, मंडप, ध्वनी, खुर्च्या हा सगळा खर्च उमेदवाराचा. तीन मतदारसंघांचे उमेदवार एकत्र असतील तर तिघांत समान वाटणी. समजा खर्च सहा लाख झाला, तर प्रत्येकी दोन लाख. उमेदवार व्यासपीठावर नव्हता पण मैदानाच्या कमानीवर त्याचा हात जोडलेला फोटो होता, हा प्रकार नेहमीचा. तो खर्चही लागतो. कुठल्याही उमेदवाराचं नाव किंवा फोटो नसलेली पक्षाची सर्वसाधारण जाहिरात मात्र पक्षाच्या हिशेबात. पक्षांच्या खर्चाला कायद्यात मर्यादाच नाही. मला हे विचित्र वाटतं, पण वही भरताना आपल्या मताला रकाना नसतो.

मग आपले लाडके शुभेच्छुक. चौकात फ्लेक्स लागतो, वर भाऊंचा मोठा फोटो, खाली पासपोर्ट आकाराचे बावीस चेहरे. कोणी लावला? ‘तरुणांनी हौसेने लावला.’ भाऊंच्या संमतीने लावला असेल तर खर्च भाऊंचा. लेखी परवानगीशिवाय उमेदवाराच्या प्रचारासाठी खर्च करणं हा लावणाऱ्याचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १७६. हौशी तरुणांना हे वाचून दाखवा, हौस थोडी आटोक्यात येते. त्याहून बरं म्हणजे फ्लेक्स लावायचाच असेल तर आधी तुमच्याकडून लेखी परवानगी घेऊन, बिलासकट, असा नियमच करून टाका.

छपाईचं कलम १२७अ. पत्रक, भित्तिपत्रक, काहीही असो, त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीसह घोषणापत्र मुद्रकाला द्यायचं. मुद्रकाने ते आणि छापील नमुना जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, आणि किती प्रती छापल्या व किती पैसे घेतले हेही कळवायचं. म्हणजे तुमचं बिल ५,००० प्रतींचं आणि मुद्रकाचा कागद २०,००० प्रतींचा असेल तर तो फरक तिथे आधीच पोचलेला असतो. भंग केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गाड्यांची परवानगी मिळाली की मूळ परवाना काचेवर लावायचा. बारा गाड्यांचे परवाने काढले आणि पाचच फिरल्या, तरी हिशेबात बारा धरल्या जातात, जोपर्यंत तुम्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला न वापरलेल्या गाड्या कळवून परवाने परत करत नाही. दोन दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर लगेच पत्र द्या. गावोगावचे कार्यकर्ते ‘माझ्या गाडीचाही पास काढ’ म्हणून मागे लागतात, ते प्रतिष्ठेसाठी. त्याची किंमत वहीत दिवसागणिक पडते.

वाहिन्या, केबल, रेडिओ, समाजमाध्यमं यांवरची जाहिरात आधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. पक्षाने किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा. समाजमाध्यमांसाठी कंपनीला दिलेले पैसे, व्हिडिओ बनवणाऱ्या मुलांचा पगार, पेज चालवणाऱ्याचा मोबदला, सगळं वहीत. आणि ‘बातमी’ म्हणून छापून आणलेली जाहिरात लपत नाही. २०११ साली उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या विद्यमान आमदाराला पेड न्यूजचा खर्च दाखवला नाही म्हणून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. असा तो पहिलाच निकाल होता.

समोरची वही

तुम्ही लिहिता तशी आणखी एक वही दुसरीकडे लिहिली जात असते. व्हिडिओ पथक सभेचं चित्रण करतं, दुसरं पथक ते बघून खुर्च्या, गाड्या, फलक मोजतं आणि लेखा पथक तुमच्या उमेदवाराच्या नावाने शॅडो रजिस्टर भरतं. दर लावले जातात ते जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकातले. चहा, वडापाव, भोंगा, ट्रॅक्स, फेटा, सगळ्याचे दर त्यात असतात. ते दरपत्रक राजकीय पक्षांच्या बैठकीत ठरतं. त्या बैठकीला तुमच्या पक्षाचा माणूस झोपायला जाऊ नये. एखादा दर बाजारापेक्षा जास्त असेल तर बोलायची जागा तीच.

प्रचाराच्या काळात तुमची वही निदान तीनदा तपासली जाते. तारखा आधी कळवतात. नाही गेलात तर नोटीस येते, गाड्यांच्या परवानग्या काढून घेतल्या जाऊ शकतात.

माझी पहिली तपासणी सांगतो. खर्च निरीक्षक दुसऱ्या राज्यातून आलेले महसूल सेवेतले अधिकारी होते, हिंदीत बोलत होते, अतिशय शांत. आमच्या वहीत एका सभेच्या १५० खुर्च्या होत्या. त्यांनी शॅडो रजिस्टर माझ्याकडे फिरवलं: ४००. मी मंडपवाल्याचं बिल पुढे केलं. ते खरंच १५० चंच होतं. बाकीच्या अडीचशे खुर्च्या गावच्या तरुण मंडळाच्या, गणपतीसाठी घेतलेल्या. मी मोठ्या विजयाने म्हणालो, ‘त्या फुकट होत्या.’ ते म्हणाले, ‘फुकट मिळाल्या म्हणजे मंडळाने दिल्या. बाजारभावाने रक्कम लिहा, मंडळाचं नाव लिहा.’ पेन पुढे सरकवला. त्या दिवसापासून मी ‘फुकट’ हा शब्द वापरत नाही. भाच्याची गाडी, मावशीचा हॉल, डेकोरेशनवाल्याची मैत्री, सगळ्याला दरपत्रकातला दर लागतो.

फरक सापडला की निवडणूक निर्णय अधिकारी २४ तासांत नोटीस देतो आणि तुम्हाला ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर दिलं नाही तर ती रक्कम तुमच्या खर्चात मिळवली जाते. म्हणून नोटीस कोण घेणार आणि तुमच्यापर्यंत कोण आणणार हे आधीच ठरवा. आमच्या कार्यालयात एक नोटीस मतदारयाद्यांच्या गठ्ठ्याखाली दीड दिवस पडून होती. पटत नसेल तर ‘अमान्य’ एवढंच न लिहिता का अमान्य ते बिलं जोडून लिहा. चित्रणाची प्रत मागा, ती मिळते.

पैसे कोणाकडून घ्यायचे

उमेदवाराचे स्वतःचे, पक्षाचे, देणगीदारांचे, सगळे पैसे आधी त्या निवडणूक खात्यात यायला हवेत. कोणाकडूनही १०,००० रुपयांच्या वर रोख घेऊ नका, देणगी असो की हातउसने. प्रत्येकाचं नाव आणि पत्ता लिहा. परदेशी नागरिकाचा पैसा उमेदवाराला चालत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला भाऊंचा कॉलेजमधला मित्र कितीही जवळचा असला तरी त्याचे आभार मानून पैसे परत करा. कंपन्यांना सरळ पक्षाकडे पाठवा. तीन वर्षं पूर्ण न झालेली किंवा सरकारी कंपनी राजकीय देणगी देऊच शकत नाही. आयकरातली सवलत पक्षाला दिलेल्या देणगीवर मिळते, उमेदवाराला दिलेल्या नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये त्याच्या सीएचा फोन तुम्हाला येतो.

निवडणूक रोख्यांबद्दल अजूनही लोक विचारतात. ते फक्त पक्षांसाठी होते, उमेदवारांसाठी कधीच नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

देणगीदाराच्या नावाबद्दल मी इतका आग्रही का, ते सांगतो. आपल्याकडे लॉबिंगचा कायदा नाही. कोणता बिल्डर, कोणता कारखानदार कोणत्या आमदाराला कशासाठी भेटला याची जाहीर नोंद कुठे होत नाही. पैसे देणारा आणि निवडून येणारा यांचा संबंध कागदावर दिसतो तो अशाच एखाद्या पानावर. हिशेबाची प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे असते आणि एक रुपया शुल्क भरून कोणीही ती पाहू शकतो. भाऊंना सांगा, ज्याचं नाव तिथे लिहायला संकोच वाटतो त्याचे पैसे घेऊ नका. ते ऐकतीलच असं नाही. पण सांगणारा कोणीतरी असावा, आणि या प्रचारात तो तुम्ही आहात.

उमेदवाराचं सरकारशी स्वतःच्या धंद्याचं चालू कंत्राट असेल, रस्त्याचं काम किंवा मालपुरवठा, तर कलम ९अ खाली तो अपात्र ठरू शकतो. हे अर्ज भरण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्या, नंतर काही करता येत नाही.

गाडीतली रोकड

नाक्यावर स्थिर पथक असतं, रस्त्यात भरारी पथक. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता असलेल्या गाडीत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख सापडली, किंवा १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू सापडल्या, तर जप्ती होऊ शकते. बँकेतून रोख काढून आणणाऱ्या पोराच्या खिशात पैसे काढल्याची पावती आणि तुमच्या सहीची चिठ्ठी हवी. साड्या, कुकर, भांडी या वाटेला जाणाऱ्यांना मी सल्ला देत नाही. मतदारासाठी वस्तू किंवा पैसे ही लाच आहे, तिला कोणताही रकाना नाही. शिवाय आता कोणाच्याही मोबाईलवर सी-व्हिजिल, म्हणजे आयोगाचं तक्रारीचं अ‍ॅप, आहे. फोटो काढून पाठवला की शंभर मिनिटांच्या आत तक्रारीचा निपटारा करायचा असतो.

मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, खर्च मात्र थांबत नाही. मतदान केंद्राबाहेर १०० मीटरच्या पलीकडे लावलेलं टेबल, खुर्च्या, छत्री हे उमेदवाराचंच धरलं जातं. बूथवरच्या पोरांचा नाष्टा, गाड्यांचं डिझेल, आणि मतमोजणीच्या दिवशीचा गुलालसुद्धा. जिंकलात तर त्या रात्रीच्या फटाक्यांची पावती घ्यायला कोणालातरी शुद्धीवर ठेवा.

निकालानंतर

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय रिकामं होतं. फोन उचलणारं कोणी नसतं, मंडपवाला तुमच्याच घरी येतो. त्या आठवड्यात सगळी देणी खात्यातून भागवा आणि बँकेचं पूर्ण उतारापत्र घ्या. उशीर झाला की दुकानदार बिल द्यायला आढेवेढे घेतात, पडलेल्याचे तर जास्तच.

साधारण २६ व्या दिवशी जिल्हा निवडणूक अधिकारी हिशेब जुळवणीची बैठक घेतात. तुमची वही आणि शॅडो रजिस्टर शेजारी ठेवून राहिलेले फरक मिटवण्याची ही शेवटची सोयीची संधी. त्या बैठकीला जाच.

जमा करायच्या गठ्ठ्यात असतं काय, तर तिन्ही भागांची मूळ वही, तारखेप्रमाणे लावून क्रमांक घातलेल्या पावत्या, बँकेचा उतारा, चार भागांचा गोषवारा आणि त्याची परिशिष्टं, आणि उमेदवाराचं शपथपत्र. परिशिष्टात एखादा प्रकार लागू नसेल तर ‘निरंक’ लिहा, कोरं ठेवू नका. गोषवाऱ्यावर आणि शपथपत्रावर उमेदवाराची स्वतःची सही हवी. निवडून आलेले मुंबईत असतात, पडलेले देवदर्शनाला. म्हणून सहीची तारीख निकालाच्या आठवड्यातच ठरवून ठेवा. २०२४ ला निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे शेवटचा दिवस २३ डिसेंबर. शेवटच्या दिवशी त्या खिडकीवर जी रांग लागते तीत उभं राहून मी एकदा शपथपत्राचा स्टॅम्प पेपर शोधत फिरलो आहे. २० डिसेंबरला गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं.

गठ्ठा दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. वहीच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स जमा करण्याआधीच काढून ठेवलेली असावी, कारण आयोगाला हिशेबात काही खटकलं तर नोटीस येते, उत्तराला २० दिवस मिळतात, आणि तोवर तुमच्या हातात तेवढी झेरॉक्सच असते. तिच्यावर सगळ्यात वर तो पोचेचा कागद लावा. नोटीस भाऊंच्या पत्त्यावर येईल, तेव्हा त्यांच्या घरी जो कोणी टपाल घेतो त्याच्याकडे तुमचा फोन नंबर देऊन ठेवा.